अत्यवस्थ बालकाचे अन्न : थोडा हिशेब, थोडा अनुभव

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने विषयाची निवड माझ्यावरच सोपवली, तेव्हा एखाद्या नव्या लसीवर किंवा प्रतिजैविकांच्या गैरवापरावर लिहावे, असे प्रथम वाटले. परंतु या विषयांवर आपण वरचेवर ऐकतो, वाचतो. ज्या विषयाकडे डॉक्टर आणि रुग्णाचे आप्त असे दोघेही सारख्याच सहजतेने दुर्लक्ष करतात, तो विषय म्हणजे अत्यवस्थ रुग्णाचे अन्न. केसपेपरवर प्रतिजैविकाची मात्रा मिलिग्रॅममध्ये लिहिलेली असते, प्राणवायू किती चालू आहे तेही लिहिलेले असते. अन्नापुढे मात्र ‘तोंडाने काही नको’ किंवा ‘नळीने दूध’ एवढेच शब्द आढळतात. किती दूध, किती वेळा, त्यातून किती उष्मांक आणि किती प्रथिने मिळाली, याचा पत्ता नसतो. अन्न हीदेखील मात्रा, वेळ आणि मार्ग ठरवून रोज लिहून द्यावयाची गोष्ट आहे, एवढेच मला या लेखात सांगावयाचे आहे.

ही तक्रार जुनी आहे. अमेरिकेतील डॉ. चार्ल्स बटरवर्थ यांनी १९७४ साली ‘रुग्णालयाच्या कपाटातला सांगाडा’ अशा अर्थाच्या शीर्षकाचा एक लेख लिहिला. रुग्ण कुपोषित होऊन रुग्णालयात येतात हे सर्वांना ठाऊक होते. रुग्णालयात आल्यानंतरही ते कुपोषित होतात, हे त्यांनी स्पष्ट शब्दांत मांडले. वजन-उंचीची नोंद न करणे, दिवसेंदिवस केवळ ग्लुकोज-सलाइनवर ठेवणे, तपासण्यांसाठी जेवणे चुकवणे अशी कारणे त्यांनी दिली होती. पन्नास वर्षे उलटली, तरी यातील एकही कारण कालबाह्य झाले आहे असे मला वाटत नाही.

सलाइनच्या बाटलीत किती अन्न असते?

‘सलाइन चालू आहे ना, मग काळजी नाही’ हे वाक्य आपल्या समाजात इतके रुजले आहे की, सलाइन लावले नाही तर डॉक्टरांनी काहीच केले नाही असे आप्तांना वाटते. म्हणून हा हिशेब एकदा मांडणे बरे. पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या ५०० मिलिलिटर बाटलीत २५ ग्रॅम साखर असते. तीतून साधारण ८५ उष्मांक मिळतात. एका मध्यम आकाराच्या, बिनतुपाच्या पोळीचे उष्मांक एवढेच असतात. पोळीत दोन-तीन ग्रॅम प्रथिने तरी असतात. बाटलीत ती शून्य असतात. नॉर्मल सलाइन तर केवळ मीठ आणि पाणी, त्यात उष्मांकही नाहीत.

आता अडीच वर्षांचा, १२ किलो वजनाचा एक मुलगा डोळ्यांसमोर आणा. तीव्र न्यूमोनियामुळे तो व्हेंटिलेटरवर आहे. हॉलिडे आणि सेगर यांनी १९५७ मध्ये दिलेल्या व आपण सर्वजण पाठ केलेल्या सूत्रानुसार त्याला दिवसाला ११०० मिलिलिटर द्रव लागेल. हे सर्व द्रव पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या स्वरूपात दिले, तर ५५ ग्रॅम साखर, म्हणजे सुमारे १८७ उष्मांक पोटात नव्हे पण रक्तात गेले. या मुलाची पडून राहिलेल्या अवस्थेतील गरज किती? स्कोफिल्ड यांच्या १९८५ च्या सूत्राप्रमाणे ती दिवसाला सुमारे ६८० उष्मांक येते. म्हणजे सलाइनने गरजेच्या जेमतेम चौथ्या हिश्शाहून थोडे अधिक भागले. शिवाय त्याला दिवसाला निदान १८ ग्रॅम प्रथिने हवी होती, त्यांपैकी एक कणही मिळाला नाही. न्यूमोनियाच्या रुग्णाला बहुधा द्रव कमी करूनच देतात, तेव्हा प्रत्यक्षात १८७ उष्मांकही मिळत नाहीत.

उरलेला खर्च मूल कोठून भागवते? यकृतातील साखरेचा साठा लहान मुलात एका दिवसाच्या आत आटोपतो. त्यानंतर चरबी आणि स्नायू.

उपास आणि आजार यांतील फरक

येथे पुष्कळ जण विचारतात, की आपल्याकडे तर लंघनाला औषध मानले आहे. आषाढी-कार्तिकीला निरंकार उपास करणारी माणसे ठणठणीत असतात, मग चार दिवसांच्या उपासाने काय बिघडणार? प्रश्न रास्त आहे. निरोगी माणूस उपाशी राहिला की त्याचे शरीर काटकसर करू लागते. काही दिवसांत मेंदूदेखील चरबीपासून तयार झालेल्या कीटोनवर चालू लागतो आणि स्नायूंची झीज मंदावते. गंभीर आजारात, मोठ्या भाजण्यात किंवा मोठ्या शस्त्रक्रियेनंतर ही काटकसर होत नाही. ग्लासगोचे डेव्हिड कथबर्टसन यांनी १९३० च्या दशकात मांडीचे-पायाचे हाड मोडलेल्या रुग्णांच्या लघवीतील नत्र मोजले. मोडलेल्या हाडाच्या मानाने नत्राचा ऱ्हास कितीतरी अधिक होता. साऱ्या शरीराचे स्नायू वितळत होते. कॉर्टिसॉल, ॲड्रिनॅलिन आणि दाह निर्माण करणारी द्रव्ये स्नायूंतील प्रथिने मोडून यकृताकडे पाठवत राहतात. बाहेरून साखर दिली तरी ही मोडतोड पूर्णपणे थांबत नाही.

मोठ्या माणसाच्या अंगात काही गंगाजळी असते. बालकात ती थोडी, आणि दर किलोमागे खर्च मात्र मोठ्यांहून अधिक. त्यातही हे वितळणारे स्नायू केवळ हातापायांचे नसतात. श्वासपटल आणि बरगड्यांमधले स्नायूही त्यात येतात. न्यूमोनिया निवळला, एक्स-रे स्वच्छ झाला, तरी मूल व्हेंटिलेटरवरून उतरत नाही. उतरवले की दोन तासांत थकते. अशा वेळी आपण नव्या जंतुसंसर्गाचा शोध घेतो, कल्चर पाठवतो. ते करावेच, परंतु त्याबरोबर गेल्या सात दिवसांत या मुलाला एकूण किती प्रथिने मिळाली, याची बेरीजही करावी.

बऱ्हाणपूरकडील एका कुटुंबातील आठ वर्षांची मुलगी काही वर्षांपूर्वी आमच्याकडे गिलेन-बारे या आजाराने दाखल होती. हातपाय लुळे, श्वास यंत्रावर, मन मात्र पूर्ण जागे. पाच आठवडे ती तशी होती. तिची आजी दररोज सकाळी राउंडच्या वेळी दाराशी उभी राही आणि एकच प्रश्न विचारी, “डॉक्टरसाहेब, काल पोरीच्या पोटात किती गेलं?” दोन-तीन दिवसांनी आमच्या निवासी डॉक्टरांना या प्रश्नाची धास्ती वाटू लागली आणि ते आदल्या दिवशी किती मिलिलिटर ठरले होते व किती गेले, हे दोन्ही आकडे आधीच काढून ठेवू लागले. ठरलेले आणि गेलेले यांत जी तफावत दिसू लागली, ती आम्हा सर्वांना विचारात पाडणारी होती. तेव्हापासून आमच्या तक्त्यावर हे दोन रकाने शेजारी-शेजारी आहेत. मुलगी यंत्रावरून उतरली, पुढे कित्येक महिन्यांच्या व्यायामानंतर चालू लागली. त्या आजाराचा स्वभावच बहुतेकदा बरे होण्याचा असतो, त्यामुळे श्रेय अन्नालाच द्यावे असे मी म्हणणार नाही. पण पाच आठवड्यांनंतर तिच्या अंगावर व्यायाम करावयाला स्नायू शिल्लक होते.

आतड्याला काम हवे

अन्न देण्याचा पहिला मार्ग आतड्याचाच. आतड्याच्या आतील अस्तराच्या पेशी आपले पोषण बरेचसे समोरून जाणाऱ्या अन्नातून घेतात. आतडे रिकामे राहिले की ते अस्तर विरळ होते. म्हणून अत्यवस्थ बालकाची प्रकृती थोडी स्थिरावली की २४ ते ४८ तासांच्या आत नाकातून जठरात घातलेल्या नळीने अल्प प्रमाणात अन्न सुरू करावे, असे आजचे मत आहे. आतड्याचा आवाज ऐकू येत नाही एवढ्यावरून थांबण्याचे कारण नाही. दर चार तासांनी जठरातील अन्न ओढून ते मोजण्याची आपली जुनी सवयही आता मागे पडत आहे. फ्रान्समध्ये व्हेंटिलेटरवरील प्रौढ रुग्णांवर झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे न मोजल्याने न्यूमोनियाचे प्रमाण वाढले नाही. पोट फुगणे, उलटी होणे या गोष्टी डोळ्यांनी पाहाव्यात.

जेथे थांबावयाचे तेथे मात्र थांबलेच पाहिजे. रक्तदाब टिकवण्यासाठी औषधांची मात्रा तासातासाला वाढवावी लागत असेल, तर आतड्याला पुरेसे रक्तच पोहोचत नसते. अशा अवस्थेत त्याच्यावर अन्नाचे ओझे घालणे घातक ठरते. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रौढांवरील अभ्यासात, शॉकमध्ये प्रारंभीच पूर्ण मात्रेत नळीने अन्न दिलेल्यांमध्ये आतड्याचा रक्तपुरवठा खुंटण्याचे प्रसंग अधिक आढळले.

शिरेवाटे संपूर्ण पोषण देण्याची विद्या १९६८ च्या सुमारास फिलाडेल्फियाच्या डड्रिक, विल्मोर आदींनी प्रस्थापित केली. ज्या अर्भकाचे आतडेच अपुरे आहे, त्याच्यासाठी ती जीवदायी ठरली. पण साधन हाती आले की ते सर्वांना वापरण्याचा मोह होतो. ल्यूव्हेन, रॉटरडॅम आणि एडमंटन येथील १४४० बालकांवरील अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. आतड्यातून अपुरे अन्न जाते म्हणून एका गटाला २४ तासांच्या आत शिरेवाटे पोषण दिले, दुसऱ्या गटाला पहिला आठवडा ते दिले नाही. थांबलेल्या गटात नवा जंतुसंसर्ग १०.७ टक्के, तर घाई केलेल्या गटात १८.५ टक्के. अतिदक्षता विभागातील मुक्कामही थांबलेल्यांचाच कमी, सरासरी साडेसहा दिवस, दुसऱ्यांचा ९.२ दिवस. २०२३ साली फ्रान्समधील ३०४४ प्रौढ रुग्णांच्या अभ्यासातही पहिल्या आठवड्यात कमी उष्मांक व कमी प्रथिने दिल्याने मृत्यू वाढले नाहीत, उलट रुग्ण लवकर बाहेर जाण्याजोगे झाले.

म्हणजे लंघन सांगणारी आपली आजी अगदीच चुकीची नव्हती! आजाराच्या पहिल्या भरात शरीर स्वतःच इंधन ओतत असते. त्यावर आणखी ओतले तर साखर वाढते, यकृतात चरबी साठते, कर्बवायू वाढून श्वासाचे काम वाढते. हे अभ्यास वाचून ‘मग आठवडाभर उपाशी ठेवले तरी चालते’ असा निष्कर्ष काढणारे तरुण सहकारी मला भेटतात. तो निष्कर्ष चूक आहे. थांबलेल्या गटातील बालकांनाही नळीने, जेवढे पेलेल तेवढे, अन्न चालूच होते. जीवनसत्त्वे आणि क्षारही दिले जात होते. पहिले दोन-तीन दिवस थोडे, मग वाढवत वाढवत पहिल्या आठवड्याच्या अखेरीस गरजेच्या निदान दोन-तृतीयांश उष्मांक आणि दर किलोमागे दीड ग्रॅम प्रथिने, हे २०१७ च्या अमेरिकी मार्गदर्शक सूत्रांतील लक्ष्य मला व्यवहार्य वाटते.

अन्न कोठे गळते?

वर सांगितलेल्या १२ किलोच्या मुलाला एका मिलिलिटरमध्ये एक उष्मांक असलेले अन्न तासाला २८ मिलिलिटर या वेगाने २४ तास दिले, तर त्याचे ६८० पूर्ण होतात. आता दिवसाचा क्रम पाहा. सकाळी एक्स-रेसाठी अन्न बंद. फिजिओथेरपीसाठी बंद. दुपारी सीटी स्कॅनची वेळ मिळाली म्हणून दोन तास आधी बंद. स्कॅन पुढे ढकलला गेला, तरी बंदच. संध्याकाळी नळी निघाली, नवी घालून तिची जागा पाहीपर्यंत बंद. सहा तास गेले की चौथा हिस्सा गेला. यांतील एकही निर्णय वाईट हेतूने घेतलेला नसतो. बंद करण्याचा आदेश सगळे देतात, पुन्हा सुरू करण्याचा आदेश कोणाच्याच नावावर नसतो, एवढेच.

आमच्या सर्जन मित्रांनी रागावू नये, पण ‘रात्री बारापासून उपाशी’ हा आदेश बालकांसाठी तरी आता सोडून द्यावा. पाण्यासारखे स्वच्छ पेय भुलीच्या दोन तास आधीपर्यंत, आईचे दूध चार तास आणि अन्य दूध सहा तास आधीपर्यंत देता येते, हा नियम भूलतज्ज्ञांनीच कधीचा मान्य केला आहे. सकाळी आठची शस्त्रक्रिया दुपारी दोनवर जाते तेव्हा ते मूल चौदा तास उपाशी असते. बंदचा आदेश लिहिताना त्याच ओळीत पुन्हा सुरू करण्याची वेळ लिहिण्याची सवय आम्ही लावून घेतली आहे. तिला खर्च काही नाही.

कुपोषित मूल अत्यवस्थ होते तेव्हा

आपण इंदूरकर असलो, तरी आपल्या रुग्णालयांत झाबुआ, आलीराजपूर, बडवानीकडून येणारी बालके आपल्याला परकी नाहीत. दीड वर्षाची, सहा किलोची मुलगी जुलाबाने ढासळून येते. दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरहून कमी. तिला पाहून कोणाच्याही मनात येईल, की हिला भरपूर खाऊ घालावे. नेमके तेच पहिल्या दिवशी करावयाचे नसते.

दुसऱ्या महायुद्धानंतर दीर्घकाळ उपाशी असलेले कैदी सुटले, त्यांना पोटभर जेवण मिळाले, आणि त्यांतील काही जण त्यानंतर दगावले. उपाशी शरीर क्षारांचे साठे रिते करून कसेबसे तग धरून असते. एकदम साखर मिळाली की इन्शुलिन उसळते, रक्तातील फॉस्फेट, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम पेशींत शिरते, थायमिन संपते, हृदयाची लय बिघडते. म्हणून अशा मुलीला प्रारंभी जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेले ‘एफ-७५’ दूध देतात. शंभर मिलिलिटरमध्ये ७५ उष्मांक आणि प्रथिने जाणूनबुजून कमी. दूध, साखर, तेल आणि मुरमुऱ्याचे पीठ यांपासून ते आपल्या पोषण पुनर्वसन केंद्रांतील स्वयंपाकघरातही तयार होते. मात्रा किलोमागे दिवसाला १३० मिलिलिटर, सूज फार असेल तर १००. सहा किलोच्या, सूज नसलेल्या मुलीला दर दोन तासांनी ६५ मिलिलिटर, दिवसातून बारा वेळा.

या बारांतील रात्रीच्या दोनची आणि चारची वाटी सर्वांत महत्त्वाची. कुपोषित मुलाची साखर पहाटे उतरते, त्याबरोबर अंग थंड पडते, आणि सकाळी ‘रात्री झोपेत गेले’ असे ऐकावयास मिळते. साखर ५४ च्या खाली आली की वेळ न दवडता दहा टक्के ग्लुकोजचे ५० मिलिलिटर तोंडाने किंवा नळीने द्यावयाचे असते. तेवढे तयार ठेवणारी आणि दोन वाजता आईला हलवून उठवणारी रात्रपाळीची सिस्टर त्या वॉर्डात माझ्यासारख्या एमडीपेक्षा अधिक जीव वाचवते. भूक परतली, सूज उतरू लागली, की ‘एफ-१००’ वर जावे. पहिले दोन दिवस आधीच्याच मापाने, मग दर वेळी दहा मिलिलिटर वाढवत. लोहाचे औषध त्यानंतर. पांढुरकी मुलगी पाहून पहिल्याच दिवशी लोह लिहिण्याचा मोह आवरावा, कारण ते लोह तिच्याआधी जंतूंच्या कामी येते.

आप्तांनी आणलेला डबा

वरणाचे पाणी, शहाळे, मोसंबीचा रस आणि साबुदाण्याची पेज, हे आपल्या घरांतील आजारपणाचे चार खांब. वरणाच्या वरच्या पाण्यात डाळ नसते, म्हणून प्रथिनेही जवळजवळ नसतात. डाळ घोटून घातली तरच उपयोग. शहाळ्याच्या १०० मिलिलिटर पाण्यात वीसेक उष्मांक असतात आणि पोटॅशियम बरेच. मूत्रपिंड बिघडलेल्या रुग्णाला ते न विचारता देऊ नये. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट. त्यापेक्षा मूग डाळीची मऊ खिचडी वरून तुपाची धार घालून, किंवा दुधात शिजवलेली थुली, कितीतरी सरस.

नळीने द्यावयाच्या अन्नासाठी महागडा डबाच हवा असे नाही. वर्षावरील मुलाच्या बाबतीत १०० मिलिलिटर गाईच्या दुधात एक चमचा, म्हणजे पाच ग्रॅम साखर आणि एक मिलिलिटर तेल घातले की ९५ च्या आसपास उष्मांक होतात. आपल्या १२ किलोच्या मुलाला असे ६८० मिलिलिटर दिले, तर उष्मांक साडेसहाशेच्या घरात जातात आणि प्रथिने वीस ग्रॅमच्या वर. काही दिवसांसाठी हे पुरेसे आहे. मुक्काम लांबला तर लोह, जस्त व जीवनसत्त्वे वेगळी द्यावी लागतात. नळी तुंबते म्हणून मिश्रणात पाणी वाढवत नेणे ही नेहमीची खोड. त्याने नळी सुटते, उष्मांक निम्मे होतात. नळीत दर वेळी आधी-नंतर थोडे पाणी सोडावे, आणि केलेले मिश्रण बाहेर चार तासांपलीकडे ठेवू नये. माळव्यातील मे महिन्यात तर त्याहूनही कमी.

वर्षाच्या आतील बाळाला, ते व्हेंटिलेटरवर असले तरी, आईचेच दूध. आई बाहेरच्या बाकावर बसून असते, बाळाला पाजता येत नाही म्हणून दूध आटते, आणि मग दुधाची पावडर येते. बाळ दाखल झाले त्याच दिवसापासून आईला दर तीन तासांनी दूध काढून वाटीत द्यावयास सांगावे. पहिल्या दिवसांत ते चमचाभरच निघते. तेवढेही नळीने जावे. आईचे निघतच नसेल तर दात्या मातांचे दूध मिळवावे. डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी मुंबईच्या शीव रुग्णालयात १९८९ मध्ये आशियातील पहिली दुग्धपेढी सुरू केली. आता अशा पेढ्या अनेक शहरांत आहेत. आजीबाईंचे बोंडले मात्र घरीच राहू द्यावे, त्याची चोच आतून स्वच्छ होत नाही आणि धाप लागलेल्या बाळाला त्यातून ठसका लागतो.

अतिदक्षता विभागातून वॉर्डात आलेले मूल पुढे कसे खाते, याकडे बहुधा कोणी पाहत नाही. घशात नळी राहिल्याने गिळताना दुखते, चव गेलेली असते, तोंडात छाले असतात. या काळात नळी लगेच काढून न टाकता दिवसा तोंडाने आणि रात्री नळीने असे काही दिवस चालवता येते. डिस्चार्ज कार्डावर औषधांच्या यादीच्या वर दोन आकडे लिहावेत, दाखल होतानाचे वजन आणि घरी जातानाचे वजन. त्याखाली पंधरा दिवसांनी पुन्हा वजन करून घेण्याची तारीख. आपले कुटुंबाचे डॉक्टर गल्लीतच असतील, तर त्यांच्याकडील काटाही चालतो. मात्र प्रत्येक वेळी काटा तोच असावा, आणि मुलाच्या अंगावर स्वेटर नसावा.